दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय जीजी,

आज तुमच्या खोलीतलं कॅलेंडर मी मे महिन्यावरून एकदम ऑक्टोबरवर आणलं. मधली पानं वाचलीच नाहीत. तुम्ही गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी रोज तुमची खोली झाडायची, खिडकी उघडायची आणि त्या भिंतीकडे पाठ करून बाहेर यायची.

आज हात लावावाच लागला. सकाळी निनाद पोहे खाता खाता म्हणाला, "आई, बड़ी आई वाला टिकट... दोनों कैंसल कर दूँ क्या? कल शाम तक बताना पड़ेगा." तुमचा लाडका निनाद! माझ्या पोटचा पोरगा, पण सव्वीस वर्षांचा झाला तरी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. तुम्ही म्हणायच्या, समजते ना त्याले, मग झालं. तर तीच दोन तिकिटं. रायपूर ते दिल्ली, दिल्ली ते जपान, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. एक तुमचं, एक माझं. फेब्रुवारीत तुम्ही त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि स्वतः बघून काढून घेतलीत.

मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. आणि तुम्हाला विचारायला इथे, तुमच्याच टेबलाशी येऊन बसले. दुसऱ्या कुणाला विचारू? चौतीस वर्षं भाजी कोणती करू इथपासून पोराचं नाव काय ठेवू इथपर्यंत सगळं तुम्हालाच विचारत आले.

लग्न होऊन चौबे कॉलोनीतल्या या घरात आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, मोठ्या जावेला वहिनी म्हणायचं. तुम्ही स्वयंपाकघरातूनच ओरडलात, "वहिनी काहून? जीजी म्हण. इकडे सारे तेच म्हणतात, अन् मले बहीण बी नाही." झालं, तेव्हापासून जीजी. जावाजावांची भांडणं म्हणजे लोकांना करमणूक असते. आपण कुणाची ती करमणूक होऊ दिली नाही. झालंच तर भांडी जरा जोरात आपटली असतील.

हे जपानचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं तो दिवस आठवतो? तीन वर्षांपूर्वीचा दसरा होता. लोक सोनं द्यायला येत होते, ताटात आपट्याच्या पानांचा ढीग झाला होता, आणि तेवढ्यात तुमच्या मोबाईलवर फोटो आला. समोरच्या घरातली रुचा, तुमची विद्यार्थिनी, नोकरीसाठी जपानला गेलेली. निक्को नावाच्या गावाच्या वर डोंगरात एक सरोवर आहे, तिथला फोटो. पाण्याकाठचा अख्खा डोंगर लाल. कुंकू सांडावं तसा! तुम्ही मोबाईल डोळ्यांजवळ धरून खुर्चीत बसून राहिलात. दारात माणसं सोनं घेऊन उभी, आणि घरातली मोठी सून फोटोत.

"मंदे," तुम्ही म्हणालात, "हे खरं असते वो! तीस वर्षं पोट्ट्यायले शिकवलं मी, थंड देशात शरदात पानं लाल होतात म्हणून. मले सोतालेच खरं वाटत नव्हतं."

तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल. पुस्तकात लिहिलेलं, ऑक्टोबरात पानं रंग बदलतात आणि गळतात; आणि वर्गाच्या खिडकीबाहेर ऑक्टोबरात सगळं हिरवंगार. एखादी चुणचुणीत मुलगी विचारायचीच, "मॅडम, कहाँ लाल होते हैं?" तुम्ही नकाशावर बोट ठेवायच्या. त्या बोटापाशी एकदा स्वतः जाऊन यायचं, हे तुम्ही त्या दसऱ्याला ठरवलंत. भाऊजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यानंतर तुम्ही स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मागताना म्हणालात, "तू येशील तर. नाही तर राहू दे."

मी हो म्हटलं खरं, पण लगेच नवरात्र आठवलं. आपल्या घरात नवरात्राचे घट बसतात. नऊ दिवस अखंड दिवा, आणि दिव्यापाशी घरातली एक बाई पाहिजेच, हा सासूबाईंचा नियम. एक माहेरी गेली तर दुसरी दिव्यापाशी. म्हणून माझ्या लग्नापासून तोवर आपण दोघी मिळून आश्विनात कधी बिलासपूरपर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. पुरुषांवर सोपवायची सोय नव्हतीच. आमचे हे तर समईत खोबरेल ओततील, अशी त्यांची ख्याती.

तुम्ही तोडगा काढलात. "दसऱ्याले घट उठले की दुसऱ्या दिवशी निघू. देवी बी खूश, डोंगर बी लाल."

मग तुमची ती तयारी! एक वर्ष पासपोर्टात गेलं. माझ्या जन्मतारखेचे घरात दोन आणि शाळेच्या दाखल्यात तिसरा असे तीन आकडे निघाले, ते सरळ करण्यात. स्वेटर घ्यायला गेलो तर ऑक्टोबरात रायपूरला गरम कपडा कोण विकतो? आदल्या हिवाळ्यात घेऊन ठेवायला हवा होता, म्हणून तुम्ही स्वतःवरच चिडलात आणि पुढच्या हिवाळ्यात दोघींसाठी चार-चार घेऊन आलात. रोज संध्याकाळी तेलीबांधा तलावाला फेऱ्या. साडी आणि खाली पांढरे बूट. पोरं हसायची. तुम्ही त्यांना थांबवून सांगायच्या, "बेटा, जापान जा रहे हैं," आणि ती पोरं खरंच वाटेतून बाजूला व्हायची.

एकदा तर पंखा पाचावर लावून, दोन स्वेटर घालून, तुम्ही मला बैठकीच्या खोलीत चालायला लावलं होतं. घामाने निथळत मी म्हटलं, जीजी, तिकडे थंडी असते, इथे मी उकडून मरते आहे. तुम्ही म्हणालात, सवय पाहिजे. कशाची सवय, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि हे कॅलेंडर. तुमचं दर जानेवारीचं व्रत. जुनं आणि नवं कॅलेंडर शेजारी ठेवून घरातल्या सगळ्या नोंदी इकडून तिकडे उतरवायच्या, आणि त्या तारखेने नाही, तिथीने. सासऱ्यांचं श्राद्ध, निनादचा वाढदिवस, लोणच्याच्या कैऱ्या, गादीचा कापूस पिंजायचा दिवस, सगळं तिथीवर. दसऱ्याच्या चौकोनात तुम्ही लिहिलं होतं, "निक्को, डोंगर लाल." दुसऱ्या वर्षी ते नव्या दसऱ्यात गेलं. तिसऱ्या वर्षी त्याहून नव्या दसऱ्यात. आणि त्याच, गेल्या वर्षीच्या, चौकोनावर बोट ठेवून आपण पहिली तिकिटं काढली.

रुचा फोनवर म्हणाली होती, मावशी, जरा लवकर होतंय. तुम्ही तिलाच दटावलंत, "काहून लवकर? दसऱ्यालेच तर फोटो पाठवला होता तू." परदेशात राहणाऱ्या पोरीला दसरा कधी येतो आणि कधी जातो, काय कळणार!

तर गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण निघालो, आणि निक्कोहून बसने वळणं घेत घेत सरोवरापर्यंत चढलो. मी खिडकीशी, तुम्ही माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघत. एक वळण, दुसरं वळण. हिरवं. पुढचं वळण. हिरवं. वर पोचलो. तोच डोंगर, तेच पाणी, फोटोतलाच लाकडी धक्का. आणि सगळं हिरवंगार, आपल्या धमतरी रोडसारखं!

आपण उतरलो होतो त्या छोट्या हॉटेलातल्या बाईंना मोबाईल दाखवलात. त्यांनी फोटो बघितला, हसल्या आणि तीन बोटं वर केली. तीन आठवडे. तुम्ही खाली बसलात, पर्समधून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलंत, बोटांवर काहीतरी मोजलंत. मग म्हणालात, "अधिक."

मला कळेना. "फोटो आला ते अधिक महिन्याचं वर्ष होतं, मंदे. दसरा उशिरा आला होता. या वर्षी तो तीन आठवडे मागं आला. अन् झाडायले का माहीत दसरा कधी हाये?" आणि मग तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "तीस वर्षं पोट्ट्यायले सूर्य शिकवला मी! पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ऋतू होतात, हे फळ्यावर काढून दाखवलं. अन् सोता तिकीट चंद्रावर काढलं!"

ते हॉटेलातल्या बाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्याही हसत होत्या. मी मात्र हसले नाही, जीजी. आज ते कबूल करते.

मला राग आला होता. उकडलेला भात, थंडीने वाजणारे दात, परकी माणसं, आणि एवढं सगळं करून बघायचं काय, तर हिरवं झाड? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या वाट्याला खरोखरचा आला, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उत्साहाने तयार होऊन आलात. हॉटेलातल्या बाईंनी सांगितलं होतं की आणखी वर, बसने अर्ध्या तासावर, गरम झऱ्यांचं एक गाव आहे, तिथे पानं लाल व्हायला लागली आहेत. "रंग वरून खाली येत असतो, मंदे. आधी शेंड्यावर, मग उतरत उतरत गावात. आपण खाली उभे राहिलो म्हणून दिसला नाही. चाल, वर जाऊ."

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो आहे.

गुडघा दुखत नव्हता, जीजी. मुळीच नव्हता. मला फक्त तुमच्यावर रुसायचं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं. तुम्ही एकट्या जाऊ शकला असता. बसचा थांबा समोर होता. पण तुम्ही बूट काढलेत, माझ्या गुडघ्याला बाम चोळलंत, आणि दिवसभर माझ्याशेजारी बसून खिडकीतून हिरवा डोंगर बघत राहिलात. का गेला नाहीत हो? गेला असता तर आज माझ्या मनावर हे ओझं नसतं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोजागिरी होती. ती तुमच्या हिशेबात चुकणं शक्यच नव्हतं. घरून निघतानाच दुधाचा मसाला डबीत भरून आणला होता. समोरच्या दुकानातून दूध आणलंत, हॉटेलातल्या बाईंच्या गॅसवर आटवलंत, त्यांनाही एक कप दिलात. आणि आपण तिघी त्या लाकडी धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. सूर्य नुकताच मावळला होता. डोंगराच्या मागून चंद्र वर आला तो एवढा मोठा, की त्या बाईंनीसुद्धा हात जोडले. पाण्यात दुसरा चंद्र. हिरवा डोंगर तेवढ्यापुरता काळा झाला आणि लाल असता तरी काही फरक पडला नसता.

"तिकीट चंद्रावर काढलं होतं ना," तुम्ही म्हणालात, "तर पाह्य, चंद्र कसा वेळेवर आला."

तेव्हा मी हसले. माझा राग तिथे, त्या दुधाच्या कपात विरघळला. जन्मात इतकी सुंदर कोजागिरी मी पाहिली नाही आणि ती तुमच्या चुकीमुळे पाहिली. ती चूक तुम्ही केली नसती, तर मी आपली लाल पानं बघून, फोटो काढून, परत आले असते. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. गुडघ्याचंही तेव्हाच सांगायला हवं होतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा अधिक हाये," परतताना विमानात तुम्ही म्हणालात. "म्हणजे दसरा उशिरा. तेव्हा येऊ. तुझा गुडघा बी तोवर बरा होईन."

मार्चमध्ये आपण सिरपूरच्या रस्त्याला गेलो होतो, आठवतं? कोसमाची झाडं नव्या पालवीने लाललाल झाली होती. गाडी थांबवून तुम्ही उतरलात, एक कोवळं पान बोटांत धरलंत. "येवढ्या दूर गेलो आपण, अन् लाल पानं इथंच होती. आपलं पान येताना लाल, तिकडचं जाताना लाल." मग जरा थांबून म्हणालात, "तरी जाताना कसं दिसते ते पाहाचंच हाये मले."

मग मे महिना आला. नवतपाचे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू झाले, रायपूर भट्टीसारखं तापलं. तुम्ही दोन दिवस छातीला हात लावून फिरत होत्या आणि मी विचारलं की म्हणायच्या, गॅस हाये. जीजी, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला ऊन पडलंय की पाऊस, हे तुम्ही रोज सकाळी मोबाईलवर बघायच्या. स्वतःच्या छातीतलं हवामान मला सांगायला काय झालं होतं? तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी तुम्ही नव्हता. तेव्हा अधिक ज्येष्ठ चालू होता. भटजी म्हणाले, अधिकात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध पुढच्या वर्षी शुद्ध महिन्यात करायचं. त्या अधिक महिन्याने तुम्हाला दोनदा गाठलं!

या वर्षी आपल्याकडे गणपती बसले नाहीत. घटही बसणार नाहीत. वर्षभर सण नाही, ही आपल्या घरची रीत. दिव्यापाशी बसायला कुणी नको. निघायला कसलाही अडथळा नाही, आणि तोच मोठा अडथळा वाटतो आहे. तिकिटाची बातमी आपल्या नणंदेला, लताला, कशी कळली कोण जाणे. आज दुपारी तिचा बिलासपूरहून फोन.

"वहिनी, मोठ्या वहिनीले जाऊन चार महिने बी नाही झाले, अन् तुम्ही फॉरेनले फिराले चालल्या? लोक का म्हणतीन?"

मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही.

"ठरवाचं का हाये त्याच्यात? वर्ष होऊ द्या ना. झाडं का पळून चालली?"

नणंदेचं चूक नाही. तीही रडतच बोलत होती. तुम्ही तिचं लग्न लावून दिलंत, बाळंतपणं केलीत. फोन ठेवला आणि मला तिचंच पटलं. निनादला सांगून टाकायचं ठरवलं, दोन्ही रद्द कर म्हणून. खरं कारण लोक नव्हतेच. तुमच्याशिवाय मला स्टेशन ते गोलबाजार रिक्षासुद्धा ठरवता येत नाही. नकाशा तुम्ही बघायच्या, वाट तुम्ही विचारायच्या, तिकीट तुमच्या पर्समध्ये. मी आपली पिशवी धरून मागे. मी एकटी जपानला जाऊन काय करणार? हरवणार!

तिकिटावरची नेमकी तारीख बघावी म्हणून मग हे कॅलेंडर ऑक्टोबरवर आणलं. तर तारखेच्या चौकोनात, दोनदा अधोरेखित करून, तुमचं अक्षर: "सूर्याची तारीख! चंद्राची नाही." मला इतकं हसू आलं जीजी, की हे बाहेरून विचारायला आले, काय झालं. आणि पान उलटलं, तर मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने अख्खा बेत. तुम्ही फळ्यावर लिहायच्या तसाच, आकडे घालून. इथे जसाच्या तसा उतरवते. तुम्हाला माहीत आहे, तरी उतरवते.

"१. निघणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. रुचाला विचारले. निनादला विचारले. या वर्षी दसरा आणि पानं एकाच आठवड्यात.

२. पहिल्या दिवशी थेट वरच्या गरम झऱ्यांच्या गावी. तिथली पानं तोवर गळून गेली असतील. तरी आधी तिथेच. मंदाचं राहिलं आहे.

३. मग रोज थोडं खाली. रंग उतरतो तसं त्याच्यासोबत उतरायचं.

४. मंदाचा गुडघा (!). बस आहे.

५. या वेळी नकाशा मंदा वाचणार. तिकीट मंदा दाखवणार. वाट मंदा विचारणार. मी मागून चालणार, आजूबाजूला बघत."

ते उद्गारचिन्ह बघून मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तुम्हाला माहीत होतं! बाम चोळताना माहीत होतं, दिवसभर शेजारी बसताना माहीत होतं, विमानात "तुझा गुडघा बरा होईन" म्हणताना तर पक्कंच माहीत होतं. एका शब्दाने बोलला नाहीत. आणि "मंदाचं राहिलं आहे" लिहिलंत. राहिलं होतं तुमचं, जीजी. माझ्यामुळे तुमचं राहिलं होतं.

हे दारातच उभे होते. मी कॅलेंडरचं पान त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. पाचवा मुद्दा बोटाने पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तू जाऊन ये. लतीले मी समजावतो."

मी म्हटलं, घरात सांजेचा दिवा? जीजींच्या फोटोपुढचा?

"मी लावीन."

"खोबरेल ओताल."

"तू दाखवून ठेव, कोणत्या बाटलीतलं ते." आणि स्वयंपाकघरात जाऊन खरंच दोन बाटल्या घेऊन आले, कोणती ते विचारायला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा! बघायला तुम्ही हव्या होत्या.

जीजी, तुमचे आभार मानायची मला कधी सवय नव्हती. घरातल्या माणसाचे आभार कसले मानायचे, असं वाटायचं. पण आज मानते. मला बहिणीसारखं ठेवलंत म्हणून. माझ्या पोराची बड़ी आई झालात म्हणून. चुकीच्या तारखेला मला जगाच्या टोकाला नेऊन कोजागिरी दाखवलीत म्हणून. आणि माझा खोटेपणा ओळखूनही माझ्यासाठी बस शोधून ठेवलीत म्हणून. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही.

तर निनादला मी सांगितलं आहे, एकच तिकीट रद्द कर. "मतलब आप अकेले जाओगे?" त्याने डोळे मोठे केले. मी म्हटलं, हव! पोट्टा मग बराच वेळ मला मोबाईलवर नकाशा कसा उघडायचा ते शिकवत बसला. निळा ठिपका म्हणजे मी, एवढं कळलं आहे. बाकीचं दसऱ्यापर्यंत येईल.

आता माझा शब्द ऐका. मी आधी वर जाईन. पानं नसतील, नुसत्या काड्या असतील, तरी त्या गावात उतरेन आणि तुम्ही बघितल्या असत्या तशा त्या नीट, एकेक बघेन. मग रोज थोडी खाली येईन, रंगाच्या सोबतीने. त्या लाकडी धक्क्यावर हॉटेलातल्या बाईंना दूध आटवून देईन, कोजागिरी असो नसो. नकाशा मी वाचेन, तिकीट मी दाखवेन, वाट मी विचारेन. हरवले तर तिथेच उभी राहून पुन्हा विचारेन. मागे वळून बघणार नाही, कारण तुम्ही कुठे आहात ते मला लिहून दिलं आहे. तुम्ही सावकाश या, आजूबाजूला बघत.

जिचा गुडघा कधीच दुखत नव्हता, ती
तुमची मंदा